अमेरिकेतील पदवी प्रवेश: हमखास प्रवेश आणि गुणाधारित शिष्यवृत्ती देणारी महाविद्यालये कशी निवडावीत

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारा हुशार विद्यार्थी महाविद्यालयांची यादी बहुधा वरून, म्हणजे सर्वांत नामांकित नावांपासून, लिहायला घेतो आणि शेवटच्या दोन ओळींत ‘सेफ्टी’ (हमखास प्रवेशाची) म्हणून ऐकीव नावे भरतो. ही यादी खालून लिहावी, असे माझे ठाम मत आहे. आयव्ही लीग या नामांकित गटातील आठही विद्यापीठे आणि एमआयटी गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देतच नाहीत; तेथील मदत केवळ कुटुंबाची आर्थिक गरज पाहून ठरते. ज्या घराचे उत्पन्न कागदावर पुरेसे दिसते, पण चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्या घरासाठी खरा आधार यादीच्या तळाशीच असतो.

प्रवेश जवळजवळ निश्चित, शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा खर्च परवडणारा आणि विद्यार्थ्याची तेथे शिकण्याची मनापासून तयारी, या तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच त्या महाविद्यालयाला सेफ्टी म्हणावे. विद्यापीठात प्रवेश सोपा असला तरी कम्प्युटर सायन्स किंवा नर्सिंगसाठी वेगळी, कडक निवड असू शकते, म्हणून चौकशी शाखेची करावी. काही महाविद्यालये अर्जदाराला खरोखर यायचे आहे का, हेही पाहतात. तेथे उत्तम गुण असूनही घाईने उरकलेला अर्ज प्रतीक्षा यादीत जाऊ शकतो.

शिष्यवृत्तीतही फरक करावा लागतो. स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तर आनंदच, पण तिच्यावर हिशेब मांडू नये. हिशेबात धरावी ती आपोआप मिळणारी. युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामासारखी विद्यापीठे तिचा तक्ता संकेतस्थळावर देतात: एका बाजूला शाळेतील गुणांची सरासरी, दुसऱ्या बाजूला सॅट किंवा एसीटी या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि दोन्ही जुळतात त्या चौकटीत दरवर्षीची रक्कम. चौकटीपेक्षा खालच्या बारीक टिपा अधिक लक्षपूर्वक वाचाव्यात, कारण अर्जाची अंतिम तारीख, परदेशी विद्यार्थ्यांची पात्रता, किती सत्रे रक्कम मिळेल आणि ती टिकवण्यासाठी महाविद्यालयात किती सरासरी राखावी लागेल, हे सारे तेथेच असते. समजा, एकूण वार्षिक खर्च ५०,००० डॉलर आणि शिष्यवृत्ती २४,००० डॉलर असेल, तर घरातून दरवर्षी २६,००० डॉलर द्यायचे आहेत, आणि सरासरी घसरून शिष्यवृत्ती गेली तर पूर्ण ५०,०००. तक्ते वर्षागणिक बदलतात. आपल्या प्रवेशवर्षाचाच पाहावा. प्रवेशासाठी सॅट ऐच्छिक असली तरी शिष्यवृत्तीसाठी तिचे गुण लागू शकतात.

पात्रता नागरिकत्वावरही अवलंबून असते. अकरावीच्या ऑक्टोबरातील पीएसएटीवर (सॅटच्या पूर्वपरीक्षेवर) आधारलेली नॅशनल मेरिट शिष्यवृत्ती आणि फाफ्सा या अर्जाद्वारे मिळणारी अमेरिकी केंद्र सरकारची मदत पुण्याहून किंवा कोल्हापुरातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्याला मिळत नाही, आणि अमेरिकेतच वाढलेल्या एच-४ व्हिसावरील (तेथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या) मुलांनाही फाफ्साची मदत मिळत नाही. त्यांनी महाविद्यालयाच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीकडे लक्ष द्यावे. एच-४ असल्यास राज्यातील रहिवाशांची कमी फी लागू होते का, हे त्या विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे.

कागदपत्रांत नववी ते बारावीचा शैक्षणिक तपशील, शिफारसपत्रे, परीक्षांचे गुण आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीच्या चाचणीचा निकाल लागतो. महाराष्ट्रात नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात होत असल्याने दोन ठिकाणांहून सही-शिक्क्याचे दाखले जमवावे लागतात, आणि समुपदेशक नसल्यास प्राचार्यांना किंवा वर्गशिक्षकांना अर्जाचा शालेय अहवाल भरण्याची विनंती करावी लागते. हे काम जूनमध्येच सुरू करावे.

कॉमन अ‍ॅपचा (अनेक महाविद्यालयांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याची ऑनलाइन सोय) नव्या वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो आणि त्यातून जास्तीत जास्त २० महाविद्यालयांना अर्ज करता येतो. शिष्यवृत्तीची मुदत अनेकदा प्रवेशाच्या मुदतीआधी, नोव्हेंबरातच संपते. अर्ली अ‍ॅक्शन (लवकर अर्ज करून लवकर निकाल मिळवण्याची सोय) बंधनकारक नसते. अर्ली डिसिजन बंधनकारक असते, म्हणजे तेथे प्रवेश मिळाल्यास तेथेच जावे लागते आणि इतर ठिकाणच्या रकमा ताडून पाहण्याची संधी राहत नाही. होकार कळवण्याची सर्वसाधारण अंतिम तारीख १ मे असते. त्यानंतर आय-२० साठी (विद्यार्थी व्हिसाला लागणाऱ्या महाविद्यालयाच्या प्रमाणपत्रासाठी) पहिल्या वर्षाचा उरलेला खर्च भागेल इतक्या रकमेचे बँकेचे पत्र द्यावे लागते. बारावीचा निकाल बहुधा १ मेनंतर लागतो, त्यामुळे अंतिम गुणपत्रिका कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणामार्फत पाठवायची, हे होकार देतानाच विचारून ठेवावे.