शपथ घ्यायचा मान कोणाचा?

चोरीचा खटला उभा राहिला की आपल्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो चोरी केली कोणी हा. पोलंडमधल्या जुन्या नगरन्यायालयांत पंचांना त्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागे: शपथ घ्यायचा हक्क कोणाचा, फिर्यादीचा की आरोपीचा? तो हक्क ज्याच्या पदरात पडला आणि ज्याने शपथ नीट पार पाडली, त्याने खटला जिंकला. शपथ ही पुराव्याला दिलेली जोड नव्हती, शपथ हाच पुरावा होता.

13व्या शतकात पोलंडमधले राजे-सरदार आपल्या शहरांना मॅग्डेबर्ग या जर्मन शहराच्या कायद्यानुसार सनदा देऊ लागले. पोझनानला अशी सनद 1253 मध्ये मिळाली, क्राकुफला 1257 मध्ये. न्यायासनावर ‘वुइत’ नावाचा प्रमुख बसे आणि त्याच्यासोबत बहुधा सात पंच. हे पंच शहरातलेच प्रतिष्ठित व्यापारी आणि कारागीर असत. अवघड मुद्दा आला की सल्ल्यासाठी थेट मॅग्डेबर्गला माणूस धाडायचा रिवाज होता. तो मोडण्यासाठी राजा तिसरा काझिमिर याने 1356 मध्ये क्राकुफच्या किल्ल्यात वरिष्ठ न्यायालय स्थापन केलं.

शपथेच्या हक्काचा नियम असा. चोर रंगेहाथ किंवा मुद्देमालासकट सापडला, तर हक्क फिर्यादीचा. तो स्वतः आणि त्याच्या बाजूचे सहा जण, अशा सात जणांनी शपथ घेतली की आरोपीला बोलायला जागाच उरत नसे, आणि चोरीची शिक्षा फाशी होती. मुद्देमाल नसेल तर मात्र पारडं फिरे. आता शपथेचा मान आरोपीचा. आरोप किती गंभीर आहे ते पाहून त्याने एकट्याने, दोघांना घेऊन किंवा सहा जणांना घेऊन शपथ घ्यायची आणि निर्दोष होऊन घरी जायचं.

शपथ घेणं म्हणजे नुसतं तोंडाने बोलणं नव्हे. माणूस क्रूसापुढे गुडघे टेकी, दोन बोटं क्रूसावर ठेवी आणि सांगितलेला मजकूर शब्दाशब्दाने म्हणे. शेवटी ‘देव आणि पवित्र क्रूस मला साहाय्य होवो’ अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य येई. जुन्या काटेकोर पद्धतीत जीभ अडखळली किंवा शब्द चुकला, तर खटला हातचा गेला! म्हणून मजकूर माणसाच्या स्वतःच्या भाषेत असणं भाग होतं. सरदारांच्या जमीन न्यायालयांतही हेच घडलं. तिथल्या नोंदवह्या लॅटिन, पण शपथा पोलिश. पोझनानच्या अशा वहीतल्या सर्वांत जुन्या शपथा 1386 सालच्या आहेत. घोडे, बैल, जमीन, मारामारी अशा रोजच्या भांडणांची ती वाक्यं पोलिश भाषेच्या इतिहासकारांना आजही सोन्यासारखी वाटतात, कारण त्या काळचं बोलणं इतक्या जवळून ऐकवणारं दुसरं फारसं काही उरलेलं नाही.

हे सगळं अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. सोबतचे सहा जण बहुतेकदा गुन्हा पाहिलेले साक्षीदार नसत. ‘या माणसाची शपथ खरी आहे’ एवढीच ग्वाही ते देत. पण ती देताना स्वतःचा आत्मा आणि गावातली पत दोन्ही पणाला लागे. खोट्या शपथेची शिक्षाही जबर होती. पोलंडच्या शहरांतही आधार म्हणून वापरल्या जाणाऱ्या, शेजारच्या जर्मन साम्राज्याच्या 1532 च्या फौजदारी संहितेत खोटी शपथ घेणाऱ्याची बोटं तोडायची तरतूद होती, म्हणजे ज्या बोटांनी शपथ घेतली तीच. जिथे सगळे एकमेकांना ओळखतात तिथे संशयित माणसासाठी असे सहा जण उभे राहतात की नाही, यातून पंचांना त्याच्याबद्दल पुष्कळ कळत असे.

मात्र याच ठिकाणी या न्यायातली खरी क्रूरता दिसते. ज्याचं घर नाही, ज्याला कुठल्या कारागीर संघाचा आधार नाही, जो कालच या शहरात आला आहे, त्याने सहा जण आणायचे कुठून? आधी चोरी किंवा दरोड्यात दोषी ठरलेल्याला तर शपथेचा हक्कच नव्हता. मॅग्डेबर्ग कायद्याचा पाया असलेल्या जुन्या सॅक्सन ग्रंथात अशा माणसापुढे तीन पर्याय ठेवले आहेत: तापलेलं लोखंड उचलायचं, उकळत्या कढईत कोपरापर्यंत हात घालायचा किंवा द्वंद्व खेळायचं. 1215 च्या चर्चपरिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यांना आशीर्वाद द्यायला बंदी केली आणि दिव्यं हळूहळू मागे पडली.

त्यांची जागा छळाने घेतली. 16व्या शतकात क्राकुफचा कायदेपंडित बार्त्वोमेय ग्रोइत्स्की याने शहरी कायदा सामान्यांना कळावा म्हणून पोलिशमध्ये पुस्तकं लिहिली, आणि त्यांत 1532 च्या संहितेतली तपासाची पद्धतही आणली. आता पंचांना कबुली हवी होती. आरोपीला दोरांनी ताणलं जाई, मेणबत्तीने चटके दिले जात. हे काम जल्लादाचं. क्राकुफची 1554 ते 1625 या काळाची फौजदारी वही पाहिली की कबुलीजबाबांची रांगच लागते: काय चोरलं, कुठून, विकलं कोणाला. त्यांतले पुष्कळ जण भटके, नोकरचाकर, कामाच्या शोधात हिंडणारे. घरदारवाल्या नागरिकाला शपथेचा जो आडोसा होता, तो या लोकांच्या वाट्याला आला नाही.

शपथ तरीही संपली नाही. जादूटोण्याच्या खटल्यांत फिर्यादी आपल्या साक्षीदारांसह शपथेवर सांगत की ही बाई दोषी आहे, आणि बाई चितेवर जाई. सात जणांची जुनी रीत अशा खटल्यांत किती भयंकर वळण घेऊ शकते याचं मला हे सर्वांत बोचणारं उदाहरण वाटतं. चोरीत निदान हरवलेली वस्तू तरी समोर ठेवता येत होती, इथे ठेवायला काहीच नव्हतं.

1776 मध्ये पोलंडच्या संसदेने न्यायालयीन छळ आणि जादूटोण्यासाठीची मृत्युशिक्षा एकाच वेळी रद्द केली.