घाम, पाऊस आणि कडेकपारीत टिकणारं घड्याळ: घेण्याआधी एवढं पाहा

स्पोर्ट्स घड्याळ घ्यायला आलेले बहुतेक ग्राहक आधी विचारतात, "पडलं तर फुटेल का?" आमचं सांगणं असं, की मुंबईत आधी पाण्याचं विचारा. दुरुस्तीच्या टेबलावर आम्हाला पडून मोडलेल्या घड्याळांपेक्षा आत ओल शिरलेली जास्त दिसतात. काचेच्या आतून धुकं धरलेलं, चावीच्या दांडीला गंज आणि मागच्या झाकणाखालची रबरी रिंग दबून चपटी झालेली. पाणी अडवते ती ही रिंगच, आणि घाम, साबण, उष्णता यांनी ती हळूहळू कडक होत जाते.

डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे घड्याळ घालून ३० मीटर खोल जाता येतं, असं नाही. तो आकडा नव्या घड्याळावर, प्रयोगशाळेत, स्थिर दाबाखाली काढलेला असतो. ३० मीटरचं घड्याळ हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरतं समजा. पावसात पळणाऱ्याने ५० मीटरच्या खाली जाऊ नये. आठवड्यातून दोन-तीनदा पोहत असाल तर १०० मीटरचंच घ्या. काही घड्याळांवर हेच दाबाच्या मापात १० एटीएम किंवा १० बार असं लिहिलेलं असतं. पाण्यात असताना बटणं दाबू नका. गरम पाण्याची आंघोळ आणि जिममधली स्टीम रूम तर कोणत्याच घड्याळाला नको.

आता आदळआपटीबद्दल. १९८३ साली कॅसिओचं पहिलं जी-शॉक हे दणकट घड्याळ आलं. किकुओ इबे या अभियंत्याने ते बनवताना १० मीटरवरून पडलं तरी चालू राहील, हे लक्ष्य ठेवलं होतं. आजही चांगल्या दणकट घड्याळाची खूण म्हणजे काचेपेक्षा थोडी उंच असलेली कड: पालथं पडलं तर मार काचेला न बसता कडेला बसतो. दुकानात घड्याळ टेबलावर पालथं ठेवून बघा, काच टेबलाला टेकते का ते लगेच कळतं. खोक्यावर 'मिल-स्टँडर्ड ८१०' छापलेलं दिसलं तर त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्यात ते आम्हाला विचारा. ती अमेरिकी सैन्याची चाचणीपद्धत आहे. त्याचं प्रमाणपत्र सैन्य देत नाही, चाचणी कंपनी स्वतःच करते किंवा करवून घेते.

चौपाटीच्या वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोह्स मापावर (१ ते १०) ७ असते. साधी काच त्याहून मऊ, म्हणून वाळू लागलेल्या बोटाने पुसली की चरे पडतात. नीलम (सफायर) काचेची कठीणता ९. तिला वाळूचा चरा पडत नाही, पण दगडावर जोरात आपटली तर ती तडकू शकते. समुद्रकाठी पळणाऱ्याला आम्ही नीलम सुचवतो. कातळ चढणाऱ्याने उंच कडेचं, साध्या काचेचं घेतलं तरी चालेल. पट्टा सिलिकॉनचा किंवा नायलॉनचा घ्या. चामड्याचा पट्टा इथल्या पावसाळ्यात कुबट होतो.

जीपीएस घेणार असाल तर एक लक्षात असू द्या. लोअर परळच्या टॉवरांमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि पाच किलोमीटरची धाव नकाशावर वेडीवाकडी उमटते. उपग्रहाचा सिग्नल दोन फ्रिक्वेन्सींवर घेणारं घड्याळ तिथे बरंच सरळ चालतं. बॅटरी किती टिकेल याचे खोक्यावरचे 'चौदा दिवस' हे जीपीएस बंद ठेवून मोजलेले असतात. कळसूबाई (१६४६ मीटर) रात्री चढायला घेणार असाल तर जीपीएस चालू ठेवून किती तास, हाच आकडा बघा. आणि बटणं हवीतच. भर पावसात टचस्क्रीन बोटाचा स्पर्श कुठला आणि थेंबाचा कुठला, यात गोंधळतो.

नाडीचे ठोके हिरव्या प्रकाशाने मोजले जातात. पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत जातो आणि आकडा चुकतो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधा. डंबेल उचलताना मनगट वाकतं, तेव्हा छातीचा पट्टा जास्त बिनचूक.

समुद्रात किंवा घामात भिजलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, पट्टा आणि झाकण यांच्यामधल्या फटीसकट. सेल बदलताना रबरी रिंग बदलून घ्या आणि दाबाची चाचणी मागा. घड्याळ दुसरीकडून घेतलेलं असलं तरी आमच्याकडे मे महिन्यात आणा, म्हणजे पाऊस लागण्याआधी तपासून देता येईल.