३७ फुटांना एक फूट: बोरघाटाचे रेल्वे अभियंते जेम्स बर्कली

जेम्स जॉन बर्कली १८५० च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा तिशीचे होते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली होती आणि शिक्षण झालं होतं नामांकित इंग्रज रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तिची वर्णनं आपण शाळेपासून वाचत आलो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने मात्र ते २१ मैल सोपे होते. खरं काम कर्जतच्या पुढे होतं. पळसधरीला समुद्रसपाटीपासून सुमारे १९६ फुटांवर असलेला रूळ लोणावळ्याला २,०२७ फुटांवर न्यायचा होता. म्हणजे पावणेसोळा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढण. सरासरी काढली तर साधारण ४६ फुटांना एक फूट, आणि सर्वांत कठीण जागी ३७ फुटांना एक फूट.

हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पायी चालणाऱ्याला तो चढ जाणवतही नाही. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतकं सहज फिरतं, की सपाटीवर १०० टनांची गाडी ओढायला त्या काळी ४०० किलोच्या आसपास जोर पुरे. तीच गाडी ३७ ला १ च्या चढावर आली की नुसत्या वजनामुळे आणखी २,७०० किलो जोर लागतो. सात-आठ पट. बरं, इंजिनाची ताकद वाढवूनही भागत नाही. रूळ कोरडा असेल तर चाकांवरच्या भाराच्या चौथ्या-पाचव्या भागाएवढी पकड मिळते, पावसात निसरड्या झालेल्या रुळावर ती दहाव्या भागावर येते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून चाकांपुढे वाळू सोडायची सोय लागते आणि मागून ढकलायला दुसरं इंजिन. इंग्लंडमध्ये लिकीच्या चढावर १८४० पासून जवळपास एवढ्याच उतारावर गाड्या चालत होत्या, पण तो चढ दोन मैलांचा. इथे घाट त्याच्या आठपट लांब, आणि त्यात वळणं.

मार्ग ठरवायचा म्हणजे आधी डोंगर मोजायचा. हत्यारं मोजकीच: कोन मोजायचा थिओडोलाइट, समपातळी धरायची दुर्बीण म्हणजे डंपी लेव्हल, उंचीची पट्टी आणि ६६ फुटांची, शंभर कड्यांची लोखंडी साखळी. अशा ८० साखळ्यांचा एक मैल. चुका बहुधा साखळीतच होत. उतारावर ती जमिनीलगत टाकली तर १५ अंशांच्या उतारावर ६६ फुटांतले प्रत्यक्षात पावणेचौसष्ट फूटच आडवे पडतात, प्रत्येक वेळी सव्वादोन फुटांची खोट. म्हणून ती टप्प्याटप्प्याने आडवी ताणून टोकाशी ओळंबा सोडायचा. कड्या घासून उघडल्या की साखळी लांबते, ती अधूनमधून प्रमाण लांबीशी ताडून पाहावी लागते. लेव्हल मागच्या आणि पुढच्या पट्टीच्या बरोबर मध्ये उभी केली तर यंत्राचा किरकोळ तिरपेपणा दोन्हीकडे सारखा येऊन वजाबाकीत नाहीसा होतो. घाईत हे अंतर कमी-जास्त केलं की चूक साठत जाते.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे आणि धनगराने साहेबाला वाट दाखवल्याची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरांच्या पायवाटा जाणणारा माणूस अशा कामात मोलाचाच. पण गुरं जिथून चढतात तिथून रूळ चढत नाही. खिंड कळली तरी चढ ३७ ला १ पेक्षा तीव्र होऊ न देता तिथवर पोचायचं कसं, हे आकडेमोडच सांगते.

बोरघाटात सर्वांत आवळ वळणाची त्रिज्या १५ साखळ्या, म्हणजे ९९० फूट होती. असं वळण जमिनीवर आखतात कसं? वर्तुळाचा केंद्रबिंदू दरीत हवेत असतो, तिथून दोरी फिरवता येत नाही. मग थिओडोलाइट वळणाच्या सुरुवातीला लावायचा, सरळ मार्गाच्या दिशेने नजर धरायची आणि ती १ अंश ५४.६ मिनिटांनी वळवायची. त्या रेषेवर एक साखळी अंतरावर खुंटी ठोकायची. पुन्हा तेवढाच कोन वाढवायचा आणि पहिल्या खुंटीपासून एक साखळी मोजून, नव्या रेषेवर येईल तिथे दुसरी खुंटी. १,७१८.९ ला त्रिज्येच्या साखळ्यांनी भागलं की हा कोन मिनिटांत मिळतो. पहिली खुंटी बोटभर सरकली तर पुढच्या सगळ्या सरकतात, म्हणून शेवटची खुंटी दुसऱ्या सरळ रेषेवर नेमकी बसते का, ते पाहिल्याशिवाय काम मान्य होत नसे.

याच त्रिज्येने एक अडचण उभी केली. गाडी पूर्ण उलट फिरवायची तर सुमारे ६०० मीटर रुंद जागा हवी, आणि खंडाळ्याखालच्या डोंगराच्या सोंडेवर ती नव्हती. बर्कलींनी तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बसवलं. गाडी एका फाट्याने सोंडेवर येऊन थांबते, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडतात आणि दुसऱ्या फाट्याने ती उलट्या दिशेने पुढे चढते. जागा वाचली, पण वेळ गेला, आणि गाडीची लांबी त्या टोकाच्या रुळाएवढीच राहिली. शिवाय उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक दगा देऊ लागले तर समोर टोक बंद. १९२९ मध्ये विजेच्या गाड्यांसाठी नवा मार्ग काढून हे स्टेशन बंद केलं, तोवर मुंबई-पुणे प्रवाशाला तिथे थांबावंच लागे.

घाटात २५ बोगदे पडले. एरवी लांब बोगद्याला वरून विहिरी खोदून चार-सहा तोंडांनी काम करतात. इथे माथा इतका उंच आणि कडा इतका सरळ, की बहुतेक ठिकाणी दोनच तोंडं मिळाली. बेसॉल्टमध्ये पहारीने हाती भोक पाडायचं, सुरुंगाची दारू भरायची, वर चिकणमाती ठासायची, वात पेटवायची. डायनामाइट अजून यायचं होतं. या खडकाला उभ्या भेगा फार. भोक भेगेला लागलं तर वायू तिकडून निसटतो आणि खडक हलतही नाही. ठासणी लोखंडी असली तर ठिणगी पडते, म्हणून ती तांब्याची बरी.

कागदपत्रांचं ओझं वेगळंच. सरकारने कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिली होती, त्यामुळे नकाशे आणि अंदाजपत्रकं सरकारी सल्लागार अभियंत्याकडून मंजूर करून घ्यावी लागत. रूळ आणि इंजिनं विलायतेहून आफ्रिकेला वळसा घालून येत, कारण सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. ठेकेदार फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडलं. त्याआधी थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगा झाला होता. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर काही दिवसांतच वारले आणि ठेका त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे चालवला. १८६१ च्या सुरुवातीला घाटावर ४० हजारांहून अधिक माणसं राबत होती. पावसाळ्यात उघड्यावरचं काम जवळपास थांबे आणि वर्षाचं गणित आठ महिन्यांत बसवावं लागे. पटकीने छावण्याच्या छावण्या ओस पडत. या माणसांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत, आणि घाटाच्या कुठल्याही वर्णनातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

बर्कलींची प्रकृतीही खालावली. ते इंग्लंडला परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ ला वयाच्या ४२ व्या वर्षी वारले. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाट खुला केला.

आखणी टिकली, पण बांधकामाने दगा दिला. जुलै १८६७ मध्ये ‘मौ की मल्ली’ नावाचा दगडी पूल कोसळला आणि जीआयपीच्या पुलांचं दगडकाम संशयाच्या घेऱ्यात आलं. असं दगडकाम कुठे फसतं, हे कुठलाही जुना गवंडी सांगेल. खांबाची बाहेरची फळी घडीव दगडांची, दिसायला देखणी. आत मात्र डबर आणि चुना ओतलेला. दोन्ही बाजूंना जोडणारे आरपार लांब दगड कमी घातले की खांब म्हणजे दोन पातळ भिंती आणि मधला भराव एवढाच उरतो. काळा दगड पाणी शोषत नाही, त्यामुळे चुना त्याला मुळात कमीच धरतो. आतल्या जाड थराला हवा मिळत नाही, तर साधा चुना वर्षानुवर्षं ओलाच राहतो. सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घालून चुन्याच्या घाण्यात नीट मळला तर तो हवेशिवायही आवळतो, पण त्याला वेळ आणि मजुरी लागते, आणि ठेकेदार नेमकी तिथेच काटकसर करतो. पावसाचं पाणी भरावात मुरतं, चुना धुऊन नेतं आणि बाहेरची फळी फुगते. फुगलेला भाग ओळंब्याला लागतो, म्हणून पावसाळ्यानंतर प्रत्येक खांबाला ओळंबा लावून पाहणं हाच त्यावरचा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.