मिल बायपास

(साखर उद्योग). ओळीने बसवलेल्या मिलपैकी (ऊस पिळणाऱ्या तीन लाटांच्या, म्हणजे रोलरांच्या, चरकांपैकी) एक बंद पडली असता तिला वगळून उरलेल्या मिलवर गाळप चालू ठेवण्याची पद्धत. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, संकेश्वर, उगार, अथणी या सीमाभागातल्या ऊसपट्ट्यात ऐन हंगामात तिचा आधार घेतला जातो.

तीन लाटांच्या चरकाचा उगम वादग्रस्त आहे. तो १४४९ मध्ये सिसिलीत पिएत्रो स्पेचाले याने घडवला, असे जुने संदर्भग्रंथ सांगतात. हे मत आता सहसा ग्राह्य धरत नाहीत. उभ्या तीन लाटांचा चरक सतराव्या शतकाच्या आरंभी दक्षिण अमेरिकेत आढळतो. तो चीनमधून तिकडे गेला की तिकडून चीनमध्ये आला, यावर एकमत नाही. दोन लाटांच्या चरकाचे मूळ मात्र भारतात असण्याचा संभव अधिक. आडव्या लाटा त्रिकोणात बसवण्याची रचना साधारणतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील.

आजच्या कारखान्यात बहुधा चार ते सहा मिल असतात. रोलरचे बिडाचे कवच पोलादी शाफ्टवर घट्ट बसवलेले असते. शाफ्ट प्रायः जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) खांद्याशी, धातूच्या थकव्याने तुटतो. सुटा रोलर शिल्लक असला तरी तो चढवेपर्यंत गव्हाणीवरचा (मिलकडे ऊस नेणाऱ्या पट्ट्यावरचा) ऊस थांबतो, आणि तोडलेल्या उसाचा उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचे प्रमाण) दुसऱ्या दिवसापासूनच घसरू लागतो. म्हणून मधली मिल बिघडल्यास चोथा थेट पुढच्या मिलमध्ये सोडतात, पातळ रसाच्या (पुढच्या मिलमधून निघून मागच्या चोथ्यावर शिंपडल्या जाणाऱ्या रसाच्या) नळ्या एक टप्पा मागे वळवतात आणि गाळपाचा वेग उतरवतात. चोथ्यात साखर जास्त राहते. तेवढा तोटा सोसावा लागतो.

पहिली मिल निम्म्याहून अधिक रस काढते, म्हणून काही जण तिलाच सर्वांत मोलाची मानतात. प्रत्यक्षात शेवटची मिल गेल्यास अडचण मोठी. बगॅसचा (शेवटच्या मिलमधून निघणाऱ्या, बॉयलरच्या भट्टीत जाळल्या जाणाऱ्या चोथ्याचा) ओलावा एरवी ५० टक्क्यांच्या आसपास असतो. तो वाढला की भट्टी नीट पेटत नाही, वाफेचा दाब उतरतो आणि टर्बाइनपासून पॅनपर्यंत (साखर शिजवण्याच्या भांड्यांपर्यंत) सारे मंदावते. अशा वेळी माप जुळत असल्यास मधल्या मिलचा रोलर काढून शेवटच्या मिलला बसवणे श्रेयस्कर.

दुरुस्ती लांबल्यास फडातली तोड थांबवतात किंवा ऊस दुसऱ्या कारखान्याकडे वळवतात. कोल्हापूरचे कारखाने निपाणीहून जवळ. पण मध्ये राज्याची हद्द येते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ठरावीक कारखान्याला ऊस घेण्याचे कार्यक्षेत्र राखून देता येते.