चॅनल ७० च्या आधीची गोष्ट

बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओ सेटला डीएससी, म्हणजे संकटाची हाक डिजिटल संदेशाने पाठवायची सोय, असेल तर त्यावर एका झाकणाखाली लाल बटण असतं. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वर, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झवर, जेमतेम अर्ध्या सेकंदाची एक किरकिर निघून जाते. तेवढ्यात बोटीची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, जीपीएसने दिलेलं ठिकाण, वेळ आणि आग लागली की पाणी शिरलं, हे सगळं मावतं. टप्प्यातल्या प्रत्येक डीएससी सेटवर घंटा वाजते, समोर कुणी कान देऊन बसलेलं असो वा नसो. हे शेवटचं साधायला ऐंशी वर्षं गेली.

सुरुवात अर्थातच १९१२ ची. १४ एप्रिलच्या रात्री ११.४० ला टायटॅनिक हिमनगाला धडकली, त्याच्या थोडंच आधी जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक वायरलेस ऑपरेटर सिरिल इव्हान्स सेट बंद करून झोपायला गेला होता. कितीतरी लांब असलेल्या कार्पेथिया जहाजाचा ऑपरेटर हॅरल्ड कॉटमही निजायच्याच बेतात होता; पण दुसऱ्या एका जहाजाच्या निरोपाची वाट बघत त्याने हेडफोन कानावरच ठेवले होते, म्हणून टायटॅनिकची हाक त्याच्यापर्यंत पोचली. सुमारे ७०० माणसं वाचली त्यात त्या हेडफोनचा वाटा मोठा. हाक मारायची सोय तेव्हाही होती. अडलं होतं ते ऐकणाऱ्यापाशी.

पुढचे उपाय याच दुखण्यावरचे. जुन्या जहाजांच्या रेडिओ खोलीतलं घड्याळ पाहिलंत तर तबकडीवर लाल आणि हिरवे पट्टे रंगवलेले दिसतील. लाल पट्ट्यात, म्हणजे दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत, ५०० किलोहर्ट्झ या मोर्सच्या संकटलहरीवर सगळ्यांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. हिरवे पट्टे आवाजी बोलण्याच्या २१८२ किलोहर्ट्झवरच्या अशाच शांततेसाठी, तेही तीन-तीन मिनिटांचे. एवढ्या मोठ्या दर्यावर ठरवून पाळलेली ती शांतता मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

पण चोवीस तास कान द्यायचा तर पाळीपाळीने ऑपरेटर हवेत, आणि जहाजमालकांना तो पगार जड जाई. म्हणून ऑटो अलार्म आला. संकटात सापडलेल्या जहाजाने मिनिटभरात बारा लांब रेघा पाठवायच्या, प्रत्येक चार सेकंदांची, मध्ये एकेका सेकंदाची फट. दुसऱ्या जहाजावरच्या यंत्राने त्या ओळखल्या की ऑपरेटरच्या उशाशी घंटा. डीएससीचा खरा पूर्वज हाच.

व्हीएचएफवर मात्र असं काहीच नव्हतं. चॅनल १६ वर ‘मेडे’ ही संकटाची हाक पुकारायची आणि समोरच्या जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे ते हाकायच्या खोलीत, कुणीतरी ऐकत असेल अशी आशा धरायची. बंदराजवळ त्याच चॅनलवर दिवसभर गलका, मग कंटाळून कुणी आवाज बारीक करून ठेवला तर हाक तिथेच संपली.

डिजिटल निवडक हाकेची, म्हणजेच डीएससीची, पहिली आंतरराष्ट्रीय शिफारस १९७४ ची. तिची खुबी अशी की प्रत्येक चिन्ह दोनदा जातं आणि सोबत चूक पकडणारे बिटही असतात, त्यामुळे खरखरीतून एक प्रत बिघडली तरी दुसरी हाताशी राहते. हे तंत्र जीएमडीएसएस या समुद्रावरच्या संकट आणि सुरक्षेच्या जागतिक व्यवस्थेत बसवलं गेलं. १९८८ मध्ये ती ठरली, १ फेब्रुवारी १९९२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ फेब्रुवारी १९९९ ला पुरती अमलात आली. त्याबरोबर मोठ्या जहाजांवरचा स्वतंत्र रेडिओ ऑफिसर, दर्यावरचा ‘स्पार्क्स’, हळूहळू दिसेनासा झाला.

यंत्राला कान मिळाले, पण त्याला तारतम्य नव्हतं. चुकून दाबलेल्या बटणांनी खोट्या हाकांचा पाऊस पडला. घाबरून लोक सेट बंद करून मोकळे होत. खरं तर चॅनल १६ वर येऊन ‘हाक चुकून गेली’ असं सांगणं एवढंच काम. छोट्या बोटींची तऱ्हा वेगळी: सेट नवा, पण एमएमएसआय भरलेला नाही. तो भरल्याशिवाय लाल बटण मुकंच. जीपीएसची तार जोडली नसेल आणि ठिकाण हाताने भरलं नसेल, तर हाक जाते पण कुठून ते कळत नाही. आणि ज्या चॅनल १६ वरचा पहारा १९९९ ला उठवायचं ठरत होतं, तो छोट्या बोटींपायी अजूनही चालूच आहे.

भारतीय जहाजांचे एमएमएसआय ४१९ ने सुरू होतात. पण कोकणातला ट्रॉलर किनाऱ्यापासून लांब गेला की व्हीएचएफचा टप्पा संपतो, कारण या लहरी साधारण नजरेच्या टप्प्याइतक्याच जातात. तिथे चॅनल ७० वर हाक मारली तरी ती आसपासच्या बोटींपुरती. म्हणून मच्छीमारांसाठी इस्रोने उपग्रहामार्फत हाक पोचवणारं डीएटी यंत्र तयार केलं. ते २०१० पासून वापरात आहे. पहिल्या पिढीच्या यंत्रात बटण दाबल्यावर पुढे काय झालं हे तांडेलाला कळायला मार्ग नव्हता. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत हाक पोचल्याचा उलट निरोप बोटीवर येतो. डीएससीत ही सोय सुरुवातीपासून होती: पोच मिळेपर्यंत सेट दर चारेक मिनिटांनी हाक मारत राहतो, आणि मिळाली की आपणहून थांबतो.