दक्षिणेतल्या घरांतली कागदपत्रे: कोणी जपली, कोणाच्या उपयोगी पडली

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शेतीवर उभ्या राहिलेल्या घराण्यांनी पत्रे, खरेदीखते, हिशेबवह्या पिढ्यान्‌पिढ्या घरातच ठेवल्या. यादवी युद्धात (१८६१-६५) अनेक कोर्टकचेऱ्या दप्तरांसकट जळाल्या, त्यामुळे माळ्यावरच्या ट्रंकांचे मोल आणखी वाढले. पण दमट उन्हाळे, कसर, उंदीर आणि वाटण्या यांपुढे ट्रंक किती टिकणार? त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांच्या कागदाची जागा लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाने घेतली. त्यातल्या आम्लाने तो पिवळा पडून तुकडे होतो. म्हणूनच पुष्कळदा पणजोबांचे पत्र शाबूत असते आणि आजोबांचे हातात घेताच मोडते.

हे कागद घराबाहेर काढण्याचे मोठे काम जे. जी. द रूलाक हॅमिल्टन यांनी केले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या या इतिहासाच्या प्राध्यापकांनी १९३० मध्ये चॅपल हिल येथे ‘सदर्न हिस्टॉरिकल कलेक्शन’ स्थापन केले. आपली फोर्ड गाडी घेऊन ते राज्याराज्यांतून हिंडत, ओळखीपाळखीने घरांत शिरत आणि पेट्या भरून आणत. शेजारच्या राज्यांतल्या लोकांना आपला ठेवा लुटला जातोय असे वाटे. त्यांनी हॅमिल्टनना ‘रॅन्सॅक’, म्हणजे घर धुंडाळून लुटणारा, असे नाव ठेवले.

त्यांचा शोध बहुतांशी गोऱ्या जमीनदारांच्या घरांचा होता. गुलामगिरीनंतरच्या काळाकडे ते गोऱ्या वर्चस्वाच्या समर्थकाच्या नजरेने पाहत आणि तसेच लिहीत. संग्रहाची ही जन्मखूण विसरून चालणार नाही. गुलाम माणसांची पत्रे अशा संग्रहांत इतकी कमी का, याचे उत्तर तर कायद्यातच आहे: गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा नॉर्थ कॅरोलायनात १८३०च्या कायद्याने गुन्हा ठरला होता.

तरीही जमीनदाराने ज्या हेतूने लिहून ठेवले, त्या हेतूपुरता कागद बोलत नाही. या संग्रहातले कॅमेरॉन घराण्याचे दप्तर पाहा. १८६०च्या सुमारास या घराण्याकडे सुमारे ३०,००० एकर जमीन आणि ९०० गुलाम होते. स्टॅगव्हिल हा त्यांचा प्रमुख मळा. कोणत्या आईला कधी मूल झाले याची नोंद मालमत्तेची मोजदाद म्हणून होत असे. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने त्याच नोंदींतून काळ्या कुटुंबांच्या वंशावळी जुळवल्या. बापाचे, आजोबांचे नाव मुलाला ठेवण्याची रीत त्यातून दिसली आणि गुलामगिरीत कुटुंब उरलेच नव्हते, या समजाला तडा गेला. त्यांचे पुस्तक १९७६ साली आले.

एक पत्र मात्र कोणत्याही वंशावळीपेक्षा जास्त हलवून सोडते. ६ मे १८५३ रोजी व्हर्जिनिया बॉइड या गुलाम स्त्रीने टेक्ससमधील ह्यूस्टनहून राइस बॅलार्ड या जुन्या गुलाम-व्यापाऱ्याला लिहिले. बॅलार्डच्या भागीदाराचेच मूल तिच्या पोटात होते आणि तिला विकायला पाठवले होते. मला आणि माझ्या लेकरांना विकू देऊ नका, अशी ती विनवणी करते. तिला विकल्याची बातमीही बॅलार्डच्याच दप्तरातल्या पुढच्या एका पत्रात मिळते. व्यापाऱ्याच्या टपालात पडले म्हणून तिचे शब्द उरले. तिच्या मुलाबाळांच्या घरी ते जपून ठेवायला ट्रंक कुठून असणार?

जपलेले कागद वाचायला तरी कोणाला मिळत? १९३९ मध्ये जॉन होप फ्रँकलिन हे तरुण काळे संशोधक नॉर्थ कॅरोलायनाच्या राजधानीत, रॅलेच्या राज्य दप्तरखान्यात गेले, तेव्हा त्यांना गोऱ्यांबरोबर बसता येईना. त्यांच्यासाठी वेगळी खोली तयार करावी लागली.

आज चॅपल हिलच्या संग्रहातले पुष्कळ कागद संकेतस्थळावर खुले आहेत आणि त्यांत आपले पूर्वज शोधणाऱ्यांना घरबसल्या पाहता येतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो २०१७ मध्ये मेलन फाउंडेशनच्या अनुदानातून तिथेच सुरू झालेला उपक्रम. ईस्टर्न केंटकीच्या कोळसा खाणींतून देशभर पांगलेल्या काळ्या कुटुंबांसारख्या समाजांबरोबर संग्रहाचे लोक काम करू लागले. आठवणी ध्वनिमुद्रित करायचे साहित्य पाठपिशवीत घालून त्या कुटुंबांच्या हाती दिले गेले, आणि काय जपायचे हे त्या माणसांनी स्वतः ठरवले.