जर्मनीतलं शाळेचं एक वर्ष : पालक आणि विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

दहावीनंतर यजमान कुटुंबात राहून जर्मनीत साधारण दहा महिने शाळेत जाणारी मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी हे पत्रक आहे. व्हिसाच्या कागदांची यादी आमच्या कार्यालयात वेगळी मिळते. इथे भर आहे तो पोचल्यानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांवर. बहुतेक अडचणी याच काळात येतात आणि त्यातल्या निम्म्या तरी वेळेवर न बोलल्यामुळे वाढतात.

"नको" म्हणजे नकोच

आपल्याकडे पाहुण्याने आधी "नको नको" म्हणायचं आणि यजमानाने आग्रह करून वाढायचं, ही रीत. जर्मन घरात आग्रह हा समोरच्याच्या शब्दावरचा अविश्वास वाटतो. "आणखी हवं का?" या प्रश्नाला नुसतं "डांके" (धन्यवाद) म्हटलं तरी त्याचा अर्थ बहुधा "नको" असाच घेतात आणि भांडं पुढे जातं. यजमानांना वाटतं पोट भरलं, मूल अर्धपोटी झोपतं आणि पुण्याला फोन येतो, "इथे मला कोणी विचारत नाही." हवं असेल तर पहिल्याच वेळी "या, बिटे" (हो, द्या ना) म्हणायचं. हे घरी आठ दिवस सराव करूनच जावं. "चालेल" या आपल्या शब्दाचंही तेच. खोली गार पडते, पांघरूण पुरत नाही, आंघोळीची वेळ जमत नाही, तर त्याच दिवशी सांगावं. सांगणं उद्धटपणा ठरत नाही. महिनाभर गप्प राहून एकदम रडणं मात्र त्यांना कळत नाही.

बऱ्याच घरांत गरम जेवण एकदाच असतं आणि संध्याकाळी ब्रेड, चीज, काकडी-टोमॅटो असं थंड जेवण, म्हणजे "आबेंटब्रोट". यात पाहुण्याची हेळसांड नाही, त्यांचंही तेच जेवण आहे. शाकाहारी मुलांनी फक्त "शाकाहारी" लिहून थांबू नये. तिथे शाकाहारात अंडं धरलेलं असतं, म्हणून अंडं, मासे, मांसाचा रस्सा यांपैकी काय चालतं आणि काय नाही ते अर्जातच वेगवेगळं लिहावं. पाकिटावर "गेलाटिने" म्हणजे प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन (गोळ्या, पुडिंग यांत असतं), "श्मालत्स" म्हणजे चरबी आणि "श्पेक" म्हणजे डुकराचं मांस हे शब्द ओळखता यायला हवेत.

बॅगेत काय नको

तूप, पेढे, खवा, पनीर घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. विमानतळावर ते काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. मेतकूट, गोडा मसाला, पोहे, वाळवलेला कढीपत्ता बिनधास्त न्या. आपल्या मोबाइल चार्जरची दोन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये सहसा बसते, तीन पिनांच्या प्लगला अॅडॉप्टर लागतो. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट.

पहिल्या पंधरा दिवसांतले कागद

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे "अनमेल्डुंग", करावी लागते. त्यासाठी घरमालकाने, म्हणजे इथे यजमानांनी, राहण्याची जागा दिल्याचं लेखी पत्र लागतं. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती लवकर मिळत नाही, म्हणून विमानाचं तिकीट पक्कं झालं की यजमानांना वेळ घ्यायला सांगा. व्हिसा संपूर्ण मुक्कामाचा नसेल तर तो संपण्याच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज द्यावा.

१ मार्च २०२० पासून जर्मन शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे: दोन मात्रा. आपल्याकडे लहानपणीचं लसीकरण कार्ड हरवलेलं असतं, किंवा त्यावर नुसती तारीख असते आणि लसीचं नाव वाचता येत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून सही-शिक्क्यासह इंग्रजी दाखला पुण्यातच घ्या. तिथे गेल्यावर ही धावपळ फार त्रासाची होते.

आई आणि वडील दोघांच्या सहीचं अधिकारपत्र यजमानांच्या नावे, जर्मन भाषेत, मुलासोबत द्या: शाळेतल्या सह्या, डॉक्टर, सहली यांसाठी. सहल ब्रिटनला असेल तर जर्मन व्हिसा तिथे चालत नाही, वेगळा काढावा लागतो. हे शाळेलाही अनेकदा आठवत नाही.

वर्गात

शाळा पावणेआठ-आठला सुरू होते. गुण १ ते ६. १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. वरच्या इयत्तांत १५ ते ० अशा गुणांची पद्धत असते. आपल्या मुलांना सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे तोंडी सहभाग. गुणांचा मोठा वाटा वर्गात हात वर करून बोलण्याला असतो, आणि गप्प बसून पेपर उत्तम लिहिणाऱ्याला तिथे कमी गुण मिळतात. चुकीच्या जर्मनमध्ये बोललं तरी चालतं. पहिल्या आठवड्यापासून रोज एका तासाला एकदा तरी हात वर करायचा, एवढं ठरवून जा. जर्मन भाषेची बी-वन (मध्यम) पातळी झालेली असली तरी तिथली रोजची बोली पकडायला पाच-सहा आठवडे लागतात, त्यामुळे सुरुवातीला काही कळलं नाही म्हणून हबकून जाऊ नये.

शिक्षकांना "झी" (तुम्ही) म्हणायचं, यजमान आईवडिलांना त्यांनी सांगितलं तर नावाने आणि "डू" (तू). आपल्या मुलांची जीभ इथे अडते, पण "तुम्ही"ला चिकटून राहिलं तर घरच्यांना अंतर ठेवल्यासारखं वाटतं. आजारी असल्यास सकाळी शाळा सुरू होण्याआधीच कळवायचं आणि नंतर लेखी पत्र द्यायचं.

घरात

हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची. खिडकी तिरकी करून दिवसभर ठेवली तर उष्णता वाया जाते आणि भिंतीला बुरशी धरते. आंघोळीनंतरही हवा खेळती ठेवायची. कचरा ओला, कागद, वेष्टणं आणि उरलेला असा वेगळा करतात. गावागावात डब्यांचे रंग बदलतात, म्हणून घरातल्या डब्यांना स्वतः चिठ्ठ्या चिकटवा. पेयांच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात परत मिळते. रविवारी दुकानं बंद असतात.

घरी फोन

रोज रात्रीचा तासभराचा व्हिडिओ कॉल आम्ही सुचवत नाही. त्या वेळी मूल यजमानांच्या दिवाणखान्यात असायला हवं, खोलीत दार लावून नव्हे. आठवड्यातून दोनदा ठरलेली वेळ ठेवा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. रविवारी तिथे सकाळी ११ म्हणजे उन्हाळ्यात इथे दुपारी अडीच.

परतीचं आधीच ठरवा

हे वर्ष इथल्या अकरावीत धरलं जाईल असं समजू नका. परतल्यावर अकरावीला नव्याने प्रवेश घ्यायचा असेल तर तारखांकडे लक्ष द्या: बव्हेरियासारख्या राज्यात शाळा जुलैअखेरपर्यंत चालते, आणि आपल्याकडे अकरावीचा ऑनलाइन प्रवेश बहुधा त्याआधीच सुरू झालेला असतो. निघण्यापूर्वी महाविद्यालयाशी बोला आणि जे ठरेल ते लेखी घ्या.

यजमानांशी जमतच नसेल तर एक आठवडा थांबून स्थानिक समन्वयकाला सांगावं. कुटुंब बदलता येतं. पाकिटात ठेवायचे क्रमांक: रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलिस ११०, दवाखाना बंद असताना डॉक्टर ११६११७, मनावर ताण असलेल्या मुलांसाठी मोफत फोन ११६१११.